अकरा दिवस झगमगाट, नंतर काळोख

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रोषणाई उतरवली आणि आमच्या परळच्या गल्लीत रात्री कुलपाला किल्ली लागेना. तेव्हा लोकांना कळलं की वळणावरचे दोन्ही दिवे बंद आहेत. अहो, ते जुलैपासून बंद आहेत! गणपतीत झगमगाट होता म्हणून दिसलं नाही, ठीक. पण त्याआधीचे दोन महिने? दीडशे घरं आहेत या गल्लीत. एकालाही फोन उचलून महापालिकेचा तक्रारीचा नंबर 1916 लावावासा वाटला नाही.

मंडप सुटला, बांबू गेले, खड्डे तसेच राहिले. त्यातल्या एकात समोरच्या चाळीतल्या आजींचा पाय गेला आणि मनगट मोडलं. खड्डे बुजवायचं काम मंडप घालणाऱ्यांचं. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, बघतो." आजींचं प्लास्टर सुटायची वेळ आली, खड्ड्यात अजून पाणी आहे.

आणि आता ज्यामुळे मी पेटले आहे ते सांगते. आमच्या खालच्या मजल्यावरची पोरगी सेकंड शिफ्ट करते. साडेअकराला बसमधून उतरते. गेल्या आठवड्यात एक बाईकवाला नाक्यापासून तिच्या मागे, हेडलाइट बंद करून, अगदी चालीच्या वेगाने. ही तिसरी वेळ. पोरगी चप्पल हातात घेऊन जिना चढली. दार उघडलं तेव्हा तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, पायाला चिखल आणि टाचेतून रक्त.

सकाळी ग्रुपवर ऐंशी मेसेज. हात जोडलेले, रडणारे चेहरे, "काळ वाईट आहे". आणि एका काकांनी लिहिलं, "मुलींनी वेळेत घरी यावं." त्याला अकरा अंगठे! तिचा पगार रात्रीच्या शिफ्टचा आहे काका. तुमच्या मुलालाही रात्री एक वाजतो, त्याला कधी वेळेत ये म्हणालात? पुन्हा पुन्हा पाठलाग करणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 78, पहिल्याच वेळेला तीन वर्षांपर्यंतची कैद आहे. वेळ बदलायची आहे ती त्या बाईकवाल्याची.

रविवारी अकराला सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग ठेवली. दोन मुद्दे होते, नाक्यावर कॅमेरा आणि पोलीस चौकीत देण्यासाठी सह्यांचं पत्र. आले किती? सहा जण. त्यात दोघं पार्किंगचं भांडण घेऊन आले होते. पाद्यपूजनाला हीच गल्ली तुडुंब भरते, पाय ठेवायला जागा नसते. वर्गणी एकवीसशे देतात, कोणी कुरकुरत नाही. कॅमेऱ्याला घरटी चारशे म्हटलं तर "आमचं घर मागच्या बाजूला आहे."

पूर्वी सगळ्यांचं एकच पालुपद होतं, नगरसेवकच नाही तर सांगायचं कोणाला. खरं होतं ते. 7 मार्च 2022 ला मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक व्हायला 2026 चा जानेवारी उजाडला. जवळजवळ चार वर्षं 227 प्रभागांना वाली नव्हता, त्याचा राग मलाही आहे. पण आता निवडून आलेत ना? गेलं का कोणी भेटायला? गल्लीतल्या लोकांना तर आपल्या गल्लीचा दिवा कोणाचा तेही ठाऊक नाही. शहर भागात बेस्ट, मुलुंड-भांडुपकडे महावितरण, बाकी उपनगरांत खासगी कंपनी. खांबावर नंबर रंगवलेला असतो, तो सांगायचा, तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. पाच मिनिटांचं काम! मी टॉर्च मारून दोन्ही खांबांचे नंबर वाचले, तक्रार केली, तिसऱ्या दिवशी शिडीची गाडी आली आणि दिवे लागले. पाच मिनिटं कोणाकडे नव्हती म्हणून ती पोरगी अंधारात धावली.

सह्यांच्या पत्रावर आज एकोणीस नावं आहेत. काल मी दारोदार फिरले. एका घरात टीव्हीचा आवाज चालू होता, बेल वाजली तसा बंद झाला. दार उघडलं नाही.

आणि त्या पोरीचे बाबा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, आता रोज रात्री सव्वाअकराला काठी घेऊन नाक्यावर उभे राहतात. समोरच कट्ट्यावर मंडळाची बारा-पंधरा पोरं मोबाइल बघत बसलेली असतात. "काका, तुम्ही घरी जा, आम्ही आहोत," हे एकाच्याही तोंडून अजून निघालेलं नाही.