गुडघ्याला बाशिंग, खांद्याला मॅग्नम

पेन्सिल्व्हेनियात हरणांच्या शिकारीचा रायफलींचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. २०१८ पर्यंत तो सोमवारी सुरू होत असे आणि त्या दिवशी खेड्यापाड्यांतील अनेक शाळांना चक्क सुट्टी असे. आपण मराठी माणसे या राज्यात बरीच वर्षे राहूनही त्या आठवड्यात घरी बसून उरलेल्या टर्कीचा रस्सा करतो, आणि मग एके दिवशी कचेरीतला सहकारी हरणाच्या मांसाचे सॉसेज डब्यातून आणतो व आपल्या मनात पहिली बोल्ट अॅक्शन, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने दांडा ओढून भरायची, रायफल घेण्याचा विचार मूळ धरतो. तुमच्याही मनात तो आला असेल, तर गेल्या काही हंगामांत मी जे डोळ्यांनी पाहिले आहे, त्याच्या आधारे चार अनुभवसिद्ध सूचना करतो.

सर्वप्रथम रायफल विकत घ्यावी आणि कायदा नंतर वाचावा. पेन्सिल्व्हेनियात पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला शिकारीचे प्रशिक्षण सक्तीचे आहे, परंतु ते शाळकरी मुलांसोबत बसून पूर्ण करावे लागण्याची शक्यता असल्यामुळे तुमच्यासारख्या सीनियर आर्किटेक्टने ते शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवावे. तुम्ही एच-वन-बी व्हिसावर असाल तर आणखीच गंमत आहे. अशा व्हिसावरील व्यक्तीला बंदूक बाळगण्यास संघराज्याचा कायदा मनाई करतो आणि वैध शिकारी परवाना हा त्या मनाईला असलेला एक अपवाद आहे. म्हणजे आधी प्रशिक्षण, मग परवाना आणि त्यानंतर दुकान, असा क्रम ओघानेच येतो. तुम्ही मात्र थेट दुकानात जावे, बंदूक खरेदीचा ४४७३ क्रमांकाचा अर्ज हातात घ्यावा आणि दुकानदार नागरिकत्वाच्या रकान्यावर बोट ठेवील तेव्हा वरातीमागून घोडे कसे येतात, हे प्रत्यक्ष अनुभवावे.

तुम्ही एडिसनला राहत असाल, तर ही सूचना दुप्पट उत्साहाने पाळावी. न्यू जर्सीत हरणासाठी अशी रायफल चालतच नाही. तेथे छर्‍याची बंदूक, धनुष्यबाण किंवा ठासणीची बंदूक वापरावी लागते. तुमच्या पणजोबांनी कोकणात ज्या प्रकारच्या ठासणीच्या बंदुकीने रानडुक्कर पाडल्याची कथा घरात चार पिढ्या सांगितली जाते, तो प्रकार न्यू जर्सीला मान्य आहे आणि तुमची दोन हजार डॉलरची रायफल मान्य नाही. ओहायोत रायफल चालते, पण काडतूस सरळ भिंतीचे, म्हणजे मानेशी निमुळते न होणारे लागते. विंचेस्टर कंपनीने २०१९ मध्ये ‘.३५० लेजंड’ हे काडतूस काढले, ते अशाच राज्यांतील गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून. हे सारे आधी कळले असते तर निवड सोपी झाली असती, आणि सोप्या निवडीत काय मौज?

आता काडतुसाकडे वळू. काडतूस ही निवडण्याची वस्तू नसून ते घराणे आहे, हे ध्यानात घ्यावे. थर्टी-ऑट-सिक्स नावाचे काडतूस १९०६ चे. त्याचे नाव घेताना म्हातारे शिकारी कानाच्या पाळीला हात लावत नाहीत, एवढेच. .२७० विंचेस्टर १९२५ चे. त्याची तरफदारी शिकारलेखक जॅक ओ’कॉनर यांनी हयातभर केली आणि जड, जाड गोळीचे कैवारी, दुसरे बंदूकलेखक एल्मर कीथ यांनी तितक्याच निष्ठेने त्यांच्याशी भांडण चालू ठेवले. .३०८ हे १९५२ चे, तर ६.५ क्रीडमूर हे २००७ चे धाकटे पाते. पेन्सिल्व्हेनियाच्या झाडीत हरीण बहुधा शंभर यार्डांच्या आत दिसते आणि तेवढ्या अंतरावर या चारही घराण्यांची गायकी हरणाला सारखीच ऐकू येते. म्हणूनच तुम्ही या वादात सहा महिने घालवावेत, गोळीच्या वाऱ्यातील विचलनाचे तक्ते स्प्रेडशीटमध्ये भरावेत आणि गावातल्या लहानशा दुकानात आयत्या वेळी कोणते काडतूस हमखास मिळते, हा क्षुद्र प्रश्न मात्र मनातही आणू नये.

सहा महिन्यांच्या अभ्यासाअंती .३०० विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचे दांडगे काडतूस, घ्यावे, असे माझे मत आहे. १९६३ मध्ये आलेले हे काडतूस एल्क आणि मूस यांच्यासारख्या थोराड जनावरांसाठी नावाजलेले आहे, त्यामुळे साठ-सत्तर किलोच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी ते कमी पडण्याची धास्ती राहत नाही. त्याचा धक्का .३०८च्या जवळपास दीडपट असतो. दोन-चार बार काढल्यानंतर खांदा तो धक्का लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी चाप दाबण्याच्या क्षणी डोळे आपोआप मिटतात. नेमबाजीच्या रेंजवरचे जाणते लोक यावर एक दुष्ट परीक्षा घेतात. ते तुमच्या नकळत मॅगझिनमध्ये एक पोकळ, बनावट काडतूस सरकवतात. तुम्ही गंभीरपणे नेम धरता, चाप दाबता, बार होतच नाही, पण रायफलीची नळी मात्र विंचवाने दंश केल्यासारखी खाली झुकते आणि मागे उभे असलेले सगळे ते पाहतात. हा अपमान टाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे रेंजवर न जाणे.

बोल्टविषयी फारसे सांगण्यासारखे नाही, कारण ती मुळात दाराची कडी आहे. दांडा वर उचलावा, मागे ओढावा, रिकामे पुंगळे उजवीकडे उडते. पुढे ढकलावा, नवे काडतूस नळीत बसते. दांडा खाली दाबला की कडी लागली. पाउल माउझर या जर्मन गृहस्थाने १८९८ मध्ये ही कडी इतकी पक्की करून ठेवली की अमेरिकी सरकारलाही आपल्या १९०३ च्या लष्करी रायफलीसाठी त्याच्या कंपनीला स्वामित्वशुल्क मोजावे लागले. पाचशे डॉलरच्या आजच्या साध्या रायफलीतही याच कल्पनेचा वंशज असतो आणि तो तुमच्यापेक्षा अचूक नेम मारतो. हे सत्य पचवणे अवघड असल्यामुळे रायफल दोन हजारांची घ्यावी, अक्रोडाच्या दस्त्याची घ्यावी, आणि उरलेल्या चाळीस डॉलरांत दुर्बीण बसवावी. दुर्बीण चोवीसपट दाखवणारी असावी, कारण आकडा मोठा असला की बरे वाटते. पन्नास यार्डांवरचे हरीण तीतून पाहिले असता हरीण दिसत नाही, फक्त एक तपकिरी, केसाळ भिंत दिसते. तिचा पुढचा भाग कोणता आणि मागचा कोणता, हे प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेनुसार ठरवावे.

मापाचा प्रश्न काही काटेकोर लोक उपस्थित करतील. ते सांगतील की दस्ता खांद्याला लावून डोळे मिटावे व उघडावे, आणि मान न हलवता दुर्बिणीचे पूर्ण वर्तुळ दिसले तरच ती रायफल आपली. शिवाय आपला कोणता डोळा बलवान आहे, हेही आधी तपासावे. तुम्ही ही तपासणी ऑगस्टमध्ये, अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टमध्ये करावी. डिसेंबरच्या पहाटे अंगात लोकरी बनियन, स्वेटर, जाकीट आणि त्यावर कायद्याने सांगितलेले २५० चौरस इंच झळझळीत नारिंगी कापड चढले की तोच दस्ता काखेत अडकतो, आणि ती जाणीव पुढ्यात हरीण उभे असतानाच होणे उत्तम.

डोळा आणि दुर्बीण यांत साधारण साडेतीन इंचांचे अंतर लागते. तुम्ही मान पुढे काढून एका इंचावर यावे. मॅग्नमचा बार होताच दुर्बिणीची धातूची कड भुवईवर येऊन बसते आणि तेथे एक सुबक अर्धवर्तुळ उमटवते. पुढच्या आठवड्यात मंडळाच्या दत्तजयंतीला तुम्ही गेलात, तर पुण्याच्या ढोल-ताशा पथकातली मुलेही हेवा करतील अशी ही चंद्रकोर पाहून एखाद्या काकू कौतुकाने विचारतील, की गंध असे तिरके का लावले.

रायफलीचा नेम कागदावर लावून घेण्याची मुळीच गरज नाही. दुकानदाराने नळीतून पाहून दुर्बीण अंदाजे जुळवून दिलेली असते आणि त्या ‘अंदाजे’ शब्दावर पूर्ण विश्वास ठेवावा. जेवणाच्या साध्या कागदी बशीवर शंभर यार्डांवरून, उभ्याने, बसून आणि गुडघा टेकून गोळ्या मारायच्या, प्रत्येक वेळी त्या बशीत गेल्या तरच जंगलात पाऊल टाकायचे, कारण हरणाचे हृदय आणि फुप्फुसे साधारण तेवढ्याच जागेत मावतात आणि जखमी करून सोडलेले जनावर रात्रभर तडफडते, असे माझे वृद्ध शेजारी सांगतात. पण ते साठ वर्षे एकच .३०-३० रायफल वापरत आले आहेत, तेव्हा त्यांना नव्या तंत्रज्ञानाची काय कल्पना असणार!

आणि मग तो शनिवार उजाडतो. सूर्य वर आलेला असतो, चाळीस यार्डांवर हरीण उभे असते, दुर्बिणीत केसाळ भिंत असते. तुमचे डोळे मिटतात, बार होतो, चंद्रकोर उमटते, गोळी ओक वृक्षाच्या फांदीत जाते. तुम्ही घाईने बोल्ट मागे ओढता, पण पुरता शेवटपर्यंत ओढत नाही. नवे काडतूस मॅगझिनमध्येच राहते, तुम्ही कडी लावता, चाप दाबता आणि ‘टिक्’ असा, दिव्याचे बटण दाबल्यासारखा आवाज येतो. हरीण मान वळवून तुमच्याकडे बघते, पांढरी शेपटी निशाणासारखी उभारते आणि पळत नाही, चालत जाते. घरी आल्यावर तुम्ही या रायफलीचीच अचूकता वाईट असल्याचा निष्कर्ष काढालच.

त्यानंतर ती विकायची ठरली, तर कृपया मला कळवावे. व्यवहार आपण दुकानदारामार्फत रीतसर करू. माझी स्वतःची रायफल मी अशाच एका सुशिक्षित गृहस्थांकडून निम्म्या किमतीत घेतली, आणि तिच्यासोबत त्यांनी वीस काडतुसांचे एक खोकेही फुकट दिले. त्यात एकोणीस शिल्लक होती.