८८ विजय आणि एक कोपर

मुंबईत बेसबॉल हरायची सोय नाही. क्रिकेट हरलं तर सगळं शहर सांत्वनाला येतं. लोकलच्या एकाच डब्यात पाच निवडकर्ते भेटतात, ऑफिसखालच्या चहावाल्यालाही कुठला बोलर कधी आणायला हवा होता ते ठाऊक असतं, आणि शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तर आपल्या आधीच दोन-चार आजोबा हळहळत बसलेले असतात. बेसबॉलच्या दुःखाला माणूस मिळत नाही. त्यातून ते बेसबॉल जगातल्या कुठल्याच मैदानावर खेळलं गेलेलं नसेल, तर विचारूच नका.

खरं तर विचारा. कोणीतरी विचारावं म्हणूनच लिहायला बसलोय.

आउट ऑफ द पार्क बेसबॉल नावाचा एक कॉम्प्युटरवरचा खेळ आहे. मार्कुस हाइनसोन नावाच्या जर्मन माणसानं तो १९९९ मध्ये आणला. अमेरिकेचा खेळ, जर्मनाचं डोकं आणि झोप उडाली मुलुंड पूर्वेत. यात बॅट फिरवायची नसते, बॉल टाकायचा नसतो. आमच्या लीगमध्ये तीस जण, प्रत्येकाकडे एक संघ. आपण जनरल मॅनेजर. कोण कितव्या नंबरला खेळणार, कोणाला विकायचं, कोणाला किती वर्षांचा करार द्यायचा, हे ठरवून फाइल वेळेत पाठवायची. मग तिकडे अमेरिकेत आमचा कमिशनर, म्हणजे लीग चालवणारा माणूस, बटण दाबतो आणि चहाला उकळी येईपर्यंत आठवड्याभराचे सामने होऊन गेलेले असतात. माझ्या वाट्याला क्लीव्हलँड आलंय. ते शहर मी पाहिलेलं नाही, पण तिथल्या तिकिटांचे दर मी ठरवतो.

आणि लीगमध्ये सध्या २०३६ साल चालू आहे. म्हणजे खेळाडूही कॉम्प्युटरनंच जन्माला घातलेले. २०३६ च्या सप्टेंबरात क्लीव्हलँडमध्ये काय झालं ते मी तपशीलवार सांगू शकतो. आमच्या स्टेशनबाहेरचा पूल तोवर झालेला असेल का, ते मात्र विचारू नका.

बायकोला हे समजावायचा प्रयत्न लग्नानंतर लगेच झाला होता.

“म्हणजे खेळतं कोण?”

“कोणी नाही.”

“मग हरलं कोण?”

“मी.”

त्यानंतर तिनं हा विषय काढलेला नव्हता. तिला दोष कसा देणार? मला तरी हे व्यसन कुठून लागलं म्हणता? बालभारतीच्या पुस्तकातून. इतिहासाच्या तासाला मागच्या बाकावर आम्ही बुक क्रिकेट खेळायचो. पुस्तक धाडकन उघडायचं, डाव्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे रन, शून्य आला की आउट. आठ धरायचे की नाही यावर मारामाऱ्या. अमेरिकन पोरांनी हेच जरा नीटनेटकं केलं. हॅल रिचमन नावाच्या गणितवेड्या मुलानं फासे आणि खेळाडूंची कार्डं यांचा एक खेळ तयार केला आणि १९६१ मध्ये स्ट्रॅट-ओ-मॅटिक या नावानं विकायला काढला. १९८१ मध्ये खरे खेळाडू संपावर गेले, ऑल-स्टार सामना ठरल्या दिवशी होईना, तेव्हा क्लीव्हलँडच्या त्या अवाढव्य स्टेडियममध्ये चक्क फासे टाकून तो सामना खेळवला गेला. मैदान रिकामं, फलकावर धावा. तेच क्लीव्हलँड माझ्या नशिबी यावं, यात मला तरी काहीतरी संकेत दिसतो. बायकोला दिसत नाही.

तर यंदाचा हंगाम. १६२ सामने असतात. जवळजवळ रोज एक. ऑगस्टपर्यंत आम्ही झकास चाललो होतो आणि एका सकाळी बातमी आली की माझ्या डावखुऱ्या पिचरचं, म्हणजे आपल्या भाषेत बोलरचं, कोपर गेलं. लिगामेंट फाटलं. यावर एक प्रसिद्ध इलाज आहे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या एका हाताच्या मनगटातला टेंडन काढून दुसऱ्या हाताच्या कोपरात बसवला. तो पठ्ठ्या त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकला. ऑपरेशनला त्याचंच नाव पडलं. इलाज नामी, पण माणूस वर्षभर तरी घरी. मी पोहे चिवडत एवढंच पुटपुटलो, “कोपर गेलं त्याचं. आता वर्ष गेलं.”

हे आईनं ऐकलं.

आईच्या कानावर पडलेली बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टपेक्षा लवकर खाली पोचते. संध्याकाळी घरी आलो तर समोरच्या वहिनी डबा घेऊन दारात. “भाऊजी, तुमच्या ऑफिसातल्या मुलाचं कळलं. डावा हात ना? डिंकाचे लाडू आहेत, त्याला द्या. आमच्या ह्यांचं मनगट मोडलं होतं तेव्हा याच्यावरच उभे राहिले.” मनगटाच्या दुखण्यातून माणूस उभा कसा राहतो हे विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मी डबा घेतला. पोराला आईवडील नाहीत असं मी म्हणालो, आणि ते तर शब्दशः खरं होतं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. लाडू मीच खाल्ले. उत्तम होते.

आता लोकलचं. अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे दहा वाजले की आपल्याकडे सकाळचे साडेसात. निकाल बाहेर पडायला आणि मी ठाण्याहून आलेल्या स्लो गाडीत घुसायला एकच गाठ. गर्दीत हात जिथे अडकतो तिथेच दादरपर्यंत राहतो, म्हणून मी फोन आधीच डोळ्यांसमोर धरून चढतो. साहजिकच माझा निकाल सगळा डबा वाचतो. विंडोला बसणारे एक काका आहेत. फोर्टातल्या बँकेत आहेत, ठाण्याहून बसून येतात, त्यामुळे त्यांना जगाकडे शांतपणे पाहता येतं. त्यांनी बरेच दिवस ते आकड्यांचे रकाने पाहिले आणि एकदा भांडुप गेल्यावर आवाज खाली आणून विचारलं, “ओपन की क्लोज?”

मी मटका खेळतो असा त्यांचा समज झाला होता. तसा तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईला यायचे आणि त्या आकड्यांवर इथे पैसे लागायचे, मटक्याचा जन्म तिथला. ते भाव यायचे बंद झाले तेव्हा लोकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. ते साल १९६१ सांगतात. रिचमनचा खेळ दुकानात आला तेही तेच साल. अमेरिकेतल्या, आपण कधी न पाहिलेल्या गोष्टीच्या आकड्यांसाठी जीव टांगणीला लावायची या शहराची परंपरा आहे, मी फक्त ती पगारातून चालवतो. हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, “बरोबर आहे. पण कोणाला सांगू नका.”

दाराजवळ उभा राहणाऱ्या एका दादाच्या कानांनी मात्र हे टिपलं होतं.

शेवटचा आठवडा उरला तेव्हा प्लेऑफची, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीची, एक जागा शिल्लक होती आणि तिच्यासाठी आम्ही दोघे. आम्ही ८७ जिंकलेले, ६९ हरलेले. प्रतिस्पर्धी ८४ आणि ७२. सहा-सहा सामने बाकी. अशा वेळी बेसबॉलमध्ये मॅजिक नंबर काढतात. १६३ मधून आपले विजय वजा करायचे, मग प्रतिस्पर्ध्याचे पराभव वजा करायचे. आमचा आला चार. म्हणजे आमचे विजय आणि त्यांचे पराभव मिळून चार झाले की जागा पक्की. सहापैकी चार आपण जिंकलो तरी झालं, दोन आपण जिंकलो आणि दोन ते हरले तरी झालं. मी खुशीत येऊन काकांना म्हणालो, “काका, मॅजिक नंबर चार.”

“नक्की चार?” दारातून आवाज आला.

“शंभर टक्के.”

दुसऱ्या दिवशी त्या दादानं मला घाटकोपरपर्यंत बसायला स्वतःची फोर्थ सीट दिली. ती कुठून आली, का दिली, मी विचारलं नाही. मुंबईत फोर्थ सीट दिली जाते तेव्हा कारणं विचारायची नसतात. संध्याकाळी स्टेशनवर कटिंगही पाजला. “साहेब, चार लागला.” मला वाटलं हा पण लीग पाहतो की काय. मग लख्ख प्रकाश पडला.

थोडक्यात, माझ्या मॅजिक नंबरवर एका माणसाची दिवाळी झाली. तो माणूस मी नव्हतो.

निकाल आला तो भर पावसात, विद्याविहारच्या अलीकडे गाडी उभी असताना. पहिल्या पाचांत आम्ही एक जिंकलो, चार हरलो. ते चार जिंकले होते. ८८-७३, ८८-७३. शेवटचा सामना दोघांना जिंकायचा. आमच्यासमोर लीगमधला सगळ्यात गाळ संघ, शंभराहून जास्त सामने हरलेला. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात आम्ही एका धावेनं पुढे. आणि माझ्या शेवटच्या पिचरनं, ज्याला मी भरभक्कम करार दिला होता, आधी बरोबरी करून दिली, मग तिन्ही बेस भरले, आणि मग लागोपाठ चार बॉल बाहेर टाकले. मी ओरडलो, “अरे चार बॉल!”

अख्खा डबा वळला. काका म्हणाले, “वाइड?”

“तसंच काका. चार पडले की बॅट्समन चालत पहिल्या बेसवर जातो. बेस भरलेले असले की तिसऱ्यावरचा चालत घरी येतो. रन.”

“चालत?”

“चालत.”

“आणि मॅच गेली?”

“गेली. शिवाय तिकडे ते जिंकले. ८९. आमचे ८८.”

काकांनी खिडकीची काच वर करून पाऊस पाहिला आणि खाली केली. बँकेतला माणूस, हिशेबाशिवाय सांत्वन करणार कसा? त्यांनी एकूण धावा विचारल्या. आम्ही काढलेल्या ७६८, दिलेल्या ६५५. मग मी त्यांना बेसबॉलच्या आकडेवारीचा पंडित बिल जेम्स याचं, धावांवरून विजय किती व्हायला हवेत ते काढायचं सूत्र सांगितलं. काढलेल्या धावांचा वर्ग, भागिले काढलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, गुणिले एकूण सामने. आकाराच्या साम्यामुळे त्याला पायथागोरसचं नाव पडलंय. दहावीच्या भूमितीत ज्यानं छळलं तो इथेही हजर. काकांनी कॅल्क्युलेटर काढला आणि शीव येईपर्यंत उत्तरही. “तुमचे ९४ विजय व्हायला हवे होते.”

“झाले ८८.”

“म्हणजे तुम्ही खेळलात चांगलं आणि हरलात.”

“तिकडे याला नशीब म्हणतात.”

“आपण पंधरा वर्षं सलग रणजी जिंकलो,” काका म्हणाले, “१९५८-५९ पासून ७२-७३ पर्यंत. तेव्हा कसला आलाय पायथागोरस?” एवढं बोलून त्यांनी कॅल्क्युलेटर बंद केला. मुंबईकराचं सांत्वन हे असं असतं. आपल्या जखमेवर तो स्वतःचा पराक्रम चोळतो.

आणि अजून अपमान संपलेला नव्हता. हंगाम संपला की ड्राफ्ट, नव्या पोरांची निवड. आमच्या लीगचा साधा नियम, जो सगळ्यात वाईट हरला त्याला पहिली पसंती. खऱ्या बेसबॉलमध्ये आता त्यातही लॉटरी आलीय. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स तब्बल १२१ सामने हरले आणि नियमांच्या कचाट्यात पुढच्या ड्राफ्टला त्यांच्या हाती दहावा नंबर आला. धड हरायलाही नशीब लागतं. पण आमचं काय? ८८ विजय म्हणजे केशरी रेशनकार्ड. वरच्यांचा थाट नाही, खालच्यांच्या सवलती नाहीत. प्लेऑफही नाही आणि चांगला पोरगाही नाही. ज्यानं आम्हाला चालत चालत हरवलं त्या गाळ संघाला पहिली पसंती मिळणार.

त्या रात्री जेवताना बायकोनं स्वतःहून विषय काढला. चेहरा पाहून दया आली असावी.

“तो कोपरवाला असता तर जिंकला असतास का?”

“नक्की.”

“मग आता त्याचं काय?”

“वर्षभर विश्रांती. करार आहे २०४१ पर्यंत.”

“विश्रांतीत पगार?”

“पूर्ण. गॅरंटीड असतो.”

“किती?”

मी आकडा सांगितला. वर्षाला दोन कोटी. तिनं घास खाली ठेवला. मग मी हळूच सांगितलं की डॉलर.

“न जन्मलेल्या माणसाला,” ती म्हणाली, “काम न करता, वर्षाला दोन कोटी डॉलर तू देतोस, आणि कामवाल्या मावशींनी दोनशे वाढवून मागितले तेव्हा महिनाभर विचार करूया म्हणालास.”

आईनं वाटीत आमटी वाढता वाढता विचारलं, “त्या पोराचं लग्न झालंय का रे? नाही, पगार चांगला दिसतोय. समोरच्या वहिनी विचारत होत्या.”