मंजुलाचा सीन विसरलात का?

‘शेक्सपिअरवाला’ या पिक्चरमधली नाटक कंपनी इंग्रज गेले म्हणून बुडते असं म्हणतात, हे काही पटलं नाही. ऑथेल्लोचा प्रयोग चालू असताना मंजुला, म्हणजे पिक्चरमधली सिनेमाची हिरोईन, उशिरा येते आणि सगळं पब्लिक स्टेज सोडून तिच्याकडेच बघत बसतं, तो सीन विसरून कसं चालेल, मधुर जाफरीला १९६५ ला बर्लिनच्या फिल्म फेस्टिव्हलमध्ये अवॉर्ड मिळालं ते याच मंजुलाच्या रोलसाठी! नाटकाला खाल्लं ते सिनेमाने, पिक्चर हेच सांगतो.

आमच्या गावच्या जत्रेत मी सेम बघितलंय, तिसरा अंक रंगात आलेला आणि सिरीयलमधला एक नट आला तर अर्धा मांडव उठून त्याच्याभोवती, स्टेजवरची म्हातारी नटी तरी वाक्य पूर्ण करत होती. अजून आठवलं की पोटात तुटतं.