पॅनल गेलंय, साहेब

413 रुपये. टीव्हीला काहीही झालेलं नाही हे एका माणसाने घरी येऊन सांगावं, म्हणून परवा मी 413 रुपये मोजले. खरं तर 450 मोजले. आणि खरं तर त्याने तसं सांगितलंही नाही. मीच त्याला सांगत होतो.

शनिवारी रात्री मी ‘सोलो’ लावला होता. बायको पाणी प्यायला उठली आणि तिला काळाकुट्ट टीव्ही दिसला, शिवाय त्याच्याकडे बघून एकटाच हसणारा नवरा. सकाळी तिने कंपनीच्या ॲपवर तक्रार टाकली. नवऱ्याबद्दल टाकायची सोय नसावी, म्हणून टीव्हीबद्दल. रविवारी अकराच्या ठोक्याला मेकॅनिक दारात हजर. एरवी फ्रिज बंद पडला तर हेच लोक आठवडाभर ‘रिक्वेस्ट प्रोसेसमध्ये आहे’ म्हणतात.

‘सोलो’ म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधल्या हान सोलोच्या तरुणपणाची गोष्ट. तस्कर, थापाड्या, गळ्यापर्यंत उधारीत बुडालेला आणि तरीही सगळ्यांना हवाहवासा असा हा इसम 1977 साली हॅरिसन फोर्डने उभा केला. तो घडला कसा, याचा सिनेमा 2018 च्या मे महिन्यात आला. मला तो फार आवडतो. पण हे मोठ्याने म्हणायची चोरी आहे. आमच्या मित्रांत लगेच कुणीतरी ‘बरा आहेस ना?’ विचारतं.

तर मेकॅनिक. पन्नाशीचा, खिशाला टेस्टर, एका कानात ब्लूटूथ. त्याने विचारलं, “काय प्रॉब्लेम?”

“काही नाही,” मी म्हणालो.

“काळोख दिसतो!” आतून बायको.

“कुठे दिसतो ते लावा.”

मी लावला, आणि रात्री जिथे थांबवला होता नेमका तिथेच तो सुरू झाला. बाहेर पाऊस, खाली खड्डा, खड्ड्यात चिखल, चिखलात बेड्या घातलेला हान आणि त्याला आपटून काढणारा, अंगभर तपकिरी केसांचा चुबाका. त्या दोघांची ही पहिली भेट. पुढे जन्मभराची दोस्ती जुळायची आहे, आणि दिसतंय काय तर काळ्यावर तपकिरी.

मेकॅनिकने खोलीतला दिवा घालवला. मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरला आणि गाल जवळजवळ काचेला टेकवून आत बघू लागला. बॅकलाईट गेली असेल तर अशाने आतलं चित्र अंधुक दिसतं म्हणे. त्याला दिसलं. दिसणारच, चित्र होतंच ना.

“पॅनल गेलंय, साहेब.”

“नाही हो. सिनेमाच असा आहे.”

“असा म्हणजे?”

“काळोखा. मुद्दाम केलाय.”

त्याने टॉर्च माझ्याकडे वळवला. मी सांगून पाहिलं, की ब्रॅडफर्ड यंग नावाचा मोठा कॅमेरामन आहे, ‘अरायव्हल’साठी त्याला ऑस्करचं नामांकन होतं, सेटवर जे दिवे दिसतात त्यांच्याच उजेडात शूटिंग करायला त्याला आवडतं.

“लाइटबिल वाचवायला?”

“अहो, 25 कोटी डॉलरच्या वर खर्च आहे सिनेमाचा.”

“आणि लाइट नाही?”

याला उत्तर नव्हतं. 2018 मध्येही नव्हतं. तेव्हा थिएटरात हाच सिनेमा मी थ्रीडीत पाहिला होता. आधीच अंधार, त्यावर तो काळा चष्मा, त्यावर विझत आलेला प्रोजेक्टरचा बल्ब. बाहेर जाऊन तक्रार केली तर तिथला पोरगा म्हणाला, “सर, चष्मा काढून बघा.” चष्म्याचे वेगळे पैसे घेतले होते! काढल्यावर एकाचे दोन चुबाका दिसायला लागले, तेही काळोखातच. नवा बल्ब घालायला यांच्याकडे पैसे नाहीत आणि मक्याच्या लाह्या मात्र तिकिटापेक्षा महाग. तो राग अजून गेलेला नाही, जाऊ दे.

“आधी कुणी हात लावलाय का?” मेकॅनिक.

“टीव्हीला नाही. सिनेमाला लावलाय.” माझ्या तोंडून निघून गेलं. मग तेही सांगावं लागलं. फिल लॉर्ड आणि क्रिस मिलर या दिग्दर्शकांच्या जोडीला जून 2017 मध्ये, शूटिंग संपायला काही आठवडे उरले असताना काढलं आणि रॉन हॉवर्डने बराचसा भाग पुन्हा शूट केला.

“तरीच,” त्याने मान हलवली. “दुसऱ्याने उघडलेला सेट आम्ही घेतच नाही. उजेडाचा सीन लावा, मग सांगतो.”

उजेडाचा सीन शोधायला मी सुरुवातीपासून लावला. तिथेही उजेड बेतानेच. पण तोवर मेकॅनिक सोफ्याच्या कडेवर टेकला होता. हान पळत पळत भरतीच्या टेबलापाशी येतो. अधिकारी आडनाव विचारतो. याला ना घर ना माणसं. एकटाच आहे म्हटल्यावर तो अधिकारी परस्पर ‘सोलो’ लिहून मोकळा होतो. या प्रसंगावर आमच्या ग्रुपने केवढा दंगा केला होता! आडनावालाही कशाला गोष्ट हवी, गूढ सगळं घालवलं, वगैरे.

मेकॅनिक मात्र पुढे सरकून बसला. “अस्संच असतं, साहेब. आमच्या गुरुजींनी सगळ्या वर्गाचा जन्म एक जूनला लावला. सतरा पोरं, एकच वाढदिवस. माझी आई सांगत होती, हा पोळ्याला झाला. गुरुजी म्हणाले, पोळा रजिस्टरात बसत नाही.”

त्या सिनेमावर इतकी नेमकी टीका मी आजवर वाचलेली नाही.

मग पोहे आले. बायको त्याला ‘पॅनल कितीला पडेल’ विचारत होती आणि तो ‘थांबा ताई, बघू दे’ म्हणत होता. पॅनल बघत नव्हता, सिनेमा बघत होता. मध्येच फोन आला. “हो हो, निघालोय, सिग्नलला आहे,” असं त्याने लिंबू पिळता पिळता सांगितलं. एलथ्री ही यंत्रमानवीण निरनिराळ्या यंत्रांच्या सुट्या भागांतून तयार झालीय, हे त्याला मी न सांगताच कळलं. ती मोडते आणि तिची स्मृती फाल्कन यानाला जोडतात, तेव्हा म्हणाला, “बोर्ड चांगला असला की बॉडी गेली तरी चालतं.”

हान हा हॅरिसन फोर्डसारखा दिसत नाही, यावर आम्ही मित्र वर्षानुवर्षं भांडलो. मी बिचाऱ्या ऑल्डन एरनरायकची बाजू घेऊन एकदा ग्रुपही सोडला होता. म्हणून मेकॅनिकला मुद्दाम दोघांचे फोटो दाखवले. तो म्हणाला, “हा तरुणपणीचा ना? मग कसा दिसेल तसा?” आणि पोह्यांतली मिरची बाजूला काढली.

मला याचा आनंद व्हायला हवा होता. राग आला.

केसेल रनला, म्हणजे केसेल ग्रहावरून चोरलेलं इंधन घेऊन हान यान पळवतो त्या प्रसंगाला, तर मेकॅनिकने कमालच केली. 1977 च्या सिनेमात हान बढाई मारतो, की ही खेप मी बारा पार्सेकच्या आत मारली. पार्सेक हे अंतर आहे, 3.26 प्रकाशवर्षांचं, वेळ नव्हे. ‘पुणं-मुंबई मी दीडशे किलोमीटरच्या आत आलो’ म्हणण्यातलाच हा प्रकार. चाहते चाळीस वर्षं त्यावर सारवासारव करत होते.

“शॉर्टकट मारला असेल,” मेकॅनिक म्हणाला. ‘सोलो’ने दिलेलं उत्तर अगदी हेच. वीस पार्सेकचा नेहमीचा रस्ता सोडून हा धोक्याच्या वाटेने घुसतो. शेवटी ‘बारा’ म्हणतो, चुबाका हरकत घेतो, तेव्हा खाली राऊंड केलं तर बाराच, असं ठणकावतो.

सिनेमाच्या अखेरीला लाल तोंडाचा, शिंगं असलेला मॉल नावाचा खलनायक दिसला. मी सांगितलं, याचे 1999 च्या सिनेमात कमरेतून दोन तुकडे झाले होते, आता पाय यंत्राचे आहेत.

“वॉरंटीत?”

सव्वादोन तासांचा सिनेमा, मध्ये पोहे आणि तीन सिग्नल. पावणेदोन वाजले. टीव्ही उत्तम आहे हे त्याने अखेरपर्यंत तोंडाने कबूल केलं नाही. व्हिजिटिंग 350, जीएसटी धरून 413. “450 करा.”

“का? यूपीआयच करतोय ना?”

“राऊंड.”

“अहो, तो खाली राऊंड करतो!”

“तो पेट्रोल चोरतो, साहेब. मला भरावं लागतं.”

ओटीपी सांगताना त्याच्या मोबाईलवर शेरा दिसला. ‘सेट ओके. कस्टमरला समजावलं. क्लोज.’ मला! समजावलं!

चपला घालता घालता त्याने विचारलं, “याचा पुढचा भाग कधी येतोय?”

माझी दुखरी नस. आधीचा ‘स्टार वॉर्स’ येऊन पाचच महिने झाले होते. दिवाळीचा चिवडा डब्यात असताना पुन्हा फराळ वाढला तर कोण खाणार? जगभरात 39 कोटी डॉलर जमले, तरी एवढ्या खर्चापुढे ते पुरले नाहीत. तोट्यात गेलेला या मालिकेतला हा पहिलाच सिनेमा. मॉलचं पुढे काय होतं, हानची मैत्रीण कियरा कुठे जाते, सिनेमापुरतं सगळं तिथेच लटकलं.

“येत नाही. चालला नाही सिनेमा.”

“दिसलाच नसेल कुणाला,” म्हणाला आणि लिफ्टचं बटण दाबलं.