तंत्रस्नेही शिक्षकांसाठी काही सूचना

अभिनंदन! मुख्याध्यापकांनी भर सभेत तुम्हाला ‘तंत्रस्नेही’ म्हटलं, म्हणजे स्टाफरूममधली पंख्याखालची खुर्ची आता तुमची. ती टिकवायची तर थोडी पथ्यं पाळा.

‘सोपं आहे हो’ हे वाक्य ओठांवर ठेवा. समोरच्याला पुढचा प्रश्न विचारायची लाज वाटली पाहिजे.

वर्गातल्या डिजिटल फळ्याचा, म्हणजे पॅनेलचा पासवर्ड एकट्याकडे ठेवा आणि शनिवारी रजा टाका.

मुख्य पथ्य: शिकवू नका, करून द्या. आमच्या ऐरोलीच्या शाळेतलंच सांगते. सातवी ब, तिसरा तास. लॅपटॉपवर ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपचा व्हिडिओ चालू, पॅनेलवर मात्र नुसता निळा पडदा. एचडीएमआयची वायर काढली, फुंकर मारली, परत खोचली. वर्गात बावन्न मुलं, तोवर मासळीबाजार. आमच्या तंत्रस्नेही सरांना बोलावणं धाडलं. सर आले, ‘सरका जरा मॅडम’ म्हणाले, माझ्याकडे पाठ करून टकटक केलं, चित्र हजर. ‘काय केलंत?’ म्हणेपर्यंत सर जिन्यात. गुरुवारी पुन्हा तेच, पुन्हा तीच पाठ. संध्याकाळी स्टाफच्या ग्रुपवर मेसेज: ‘काही जणांना अजून बेसिकही येत नाही’, वर हात जोडलेली इमोजी. ‘काही जण’ कोण ते ग्रुपला कळतं हो! शुक्रवारी तिसऱ्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, ‘मॅडम, विंडोज आणि पी दाबा, मग डुप्लिकेट.’

दोन बटणं. दोन!

प्रशिक्षण मागितलं तर ‘निष्ठा’ या सरकारी शिक्षक-प्रशिक्षण योजनेकडे बोट दाखवा. २०२०मध्ये ती ऑनलाइन झाली तेव्हा एकीकडे व्हिडिओ लावून दुसरीकडे कुकरच्या शिट्ट्या कुणी कुणी मोजल्या, तो विषय काढू नका. प्रमाणपत्रं सगळ्यांकडे आहेत.

आणि काय हो सर, पहिल्या वर्षी तुमच्या निकालपत्रकातल्या बेरजा चुकत होत्या, तेव्हा मी ‘सरका’ म्हटलं होतं? शेजारी बसून, पेन तुमच्याच हातात ठेवून रकाना रकाना दाखवला. मुलाचं गणित स्वतः सोडवून वही परत देता का तुम्ही? मग माऊस माझ्या हातात राहू देऊन दोन मिनिटं थांबायला काय धाड भरते?

सोमवारी तिसऱ्या तासाला या. पॅनेलवर पेन एकीकडे टेकतं, रेघ तिथून वीतभर दूर उमटते. पेन मी सोडणार नाही. हात खिशात घालून शेजारी उभे राहा आणि तोंडाने सांगा.