साखरेचं औषध

परवा पहिल्यांदा क्रूझवर गेलो. मेहुण्याची हौस, आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं, वगैरे वगैरे. दोन रात्री, मुंबई टू मुंबई. म्हणजे कुठे जायचंच नाही, त्याचे एवढे पैसे.

बॅलार्ड पियरला बॅग मशीनमधून गेली आणि पट्टा थांबला. "ये किसका है?" मागे दीडशे माणूस. त्या गड्याने माझा एक्स्टेंशन बोर्ड मेलेला उंदीर शेपटीला धरतात तसा वायरीला धरून सगळ्यांना दाखवला. आग लागते म्हणे. बरं, ठेवा. पण दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी? "बाहर का खाना अलाउड नहीं." म्हणलं, अहो चटणीने कुठली आग लागते? बायको शेजारी उभी राहून अनोळखी बाईसारखी छताकडे बघत होती. डबा सासूबाईंचा, नाव घातलेला, तो तेवढा रिकामा करून परत दिला.

आता माझ्या मागचे काका. गिरगावचे, वय पंचाहत्तरच्या पुढे, डोक्याला माकडटोपी, मे महिन्यात! तासभर लाइनीत त्यांनी मला सोडलं नव्हतं. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने वेंगुर्ल्याला जायचे, डेकवर वळकटी पसरायची, उतरायला पडाव म्हणजे छोटी होडी, आणि पडावात उडी मारायला जमलं नाही की खलाशी सरळ उचलून फेकायचा. "बॅगा कोण बघतंय हो!" मग आवाज खाली आणून, "रामदास बोट माहितीय ना? १७ जुलै १९४७. गटारीचा दिवस. रेवसला निघाली ती पोचलीच नाही. सहाशेच्या वर माणसं गेली." बोटीत चढायच्या आधी दहा मिनिटं कोणी हे ऐकवतं का?

तर काकांची पिशवी उघडली. आत हा मोठा डबा, मेथीचे लाडू. मी मनातल्या मनात हात चोळले, आता बघू म्हणलं. काका शांतपणे म्हणाले, "दवाई है. शुगर का." त्याने वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि जाने दिया!! माझ्या डोळ्यांसमोर. गूळ-तुपाचे लाडू, शुगरची दवाई.

वर गेल्यावर वायफायचे पैसे वेगळे, कोल्ड्रिंकचे वेगळे, मग तिकिटात नक्की काय होतं ते मेहुण्यालाच ठाऊक. बुफेला रांग, तीही वीस मिनिटांची, रांगच लावायची तर विरार लोकल काय वाईट होती. असो.

संध्याकाळी सगळ्यांना लाइफ जॅकेट कसं घालायचं ते शिकवायला बोलावलं. शेजारी कोण? काका. सूचना चालू असताना त्यांनी खिशातून लाडू काढला, सावकाश खाल्ला, मग दुसरा काढला. मी बघतोय हे त्यांना दिसलं.

"तुम्हाला डायबेटिस आहे?"

"नाही हो," मी जरा आशेनेच म्हणलं.

"मग तुम्हाला काय उपयोग," म्हणाले, आणि तोही तोंडात टाकला.