सुईच्या भीतीत अंग सैल सोडू नका

'भीती वाटली की दीर्घ श्वास घ्या, अंग सैल सोडा, धडधड थांबेल' हा भीतीवरच्या एका लेखात वाचलेला सल्ला सरसकट देऊ नये, अशी कळकळीची विनंती. कोळ्याच्या किंवा उंचीच्या भीतीत त्याने फारसं बिघडत नाही. रक्ताच्या आणि सुईच्या भीतीत मात्र तो उलटा पडतो. इथे नाडी आधी वाढते आणि मग नाडी व रक्तदाब दोन्ही झपकन उतरतात. मेंदूला रक्त कमी पडतं, माणूस कोसळतो. अशात अंग सैल सोडणं म्हणजे भोवळीला वाट करून देणं.

यावर स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी स्नायू ताणण्याची पद्धत बसवली. खुर्चीत बसून मुठी, दंड, पोट, मांड्या एकदम आवळायच्या. 10 ते 15 सेकंदांत चेहऱ्यावर ऊब चढते, तोवर धरायचं. मग ताण सोडायचा, पण ढिलं पडायचं नाही, नेहमीसारखं बसायचं. 20 ते 30 सेकंदांनी पुन्हा, असं पाच वेळा.

हमखास होणारी चूक म्हणजे श्वास रोखणं. त्याने हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं. कपाळ, जबडा आवळला की डोकं दुखतं. सुई टोचायचा हात तेवढा मोकळा ठेवा. खरी कसोटी वेळेची: मळमळ, थंड घाम, कानात गुणगुण जाणवताच सुरुवात हवी. डोळ्यांपुढे अंधारी आली तर सरळ आडवं व्हा, पाय वर घ्या. हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.